बिनपडद्याचा संगणक आणि ज्ञातीचे दप्तर
(वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. जन्मभर खडू-फळ्याच्या सहवासात राहिलेल्या माणसाने संगणकाविषयी बोलावे, याचे काहींस नवल वाटेल. परंतु विषय यंत्राचा असला, तरी प्रश्न आपल्या दप्तराचा आहे.

गेल्या दिवाळीनंतर कार्यालयातील जुना संगणक भंगारात देण्याचे ठरत होते. 'विंडोज १०' या प्रणालीचे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि पुढील आवृत्ती त्या यंत्रावर चालेना. भंगारवाला दाराशी आला, तेव्हा आम्हांस स्मरण झाले की, याच यंत्रात शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत. मुलांचे गुण, वडिलांचे उत्पन्न, बँकेचे खातेक्रमांक, सारे काही! ज्यांनी विश्वासाने ही माहिती आपल्या हाती दिली, त्यांची लाज आपण चार पैशांस विकणार होतो.

आमच्या पुतण्याने मार्ग दाखविला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. पुढे जगभरच्या जाणकारांनी ते काम वाढविले. तीवर आधारलेली 'डेबियन' ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्या २०२५ सालच्या १३व्या आवृत्तीस ६४ बिटांचा प्रोसेसर लागतो. तो आमच्या यंत्रात होता. आम्ही प्रथम सर्व कागद दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले, मगच नवी प्रणाली बसविली.

त्यानंतर पडदा, कळफलक आणि माउस काढून ठेवले. अशा यंत्रास इंग्रजीत 'हेडलेस', म्हणजे शिररहित, म्हणतात. ते कोपऱ्यात मुकाट्याने चालते आणि त्यास आज्ञा द्यायच्या त्या दुसऱ्या संगणकावरून, 'एसएसएच' या मार्गाने. संकेतशब्दांची चोरी झाल्यामुळे तातू युलोनेन या फिनलंडच्याच गृहस्थांनी १९९५ साली ही गुप्त वाट निर्माण केली. यंत्राचा पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो कायमचा राखून ठेवला.

परंतु आमची फजितीही झाली. एके दिवशी वीज गेली, परत आली, आणि यंत्र मात्र उत्तर देईना. पडदा पुन्हा जोडून पाहतो, तो कळफलक सापडत नाही म्हणून महाशय अडून बसलेले! बायोसमध्ये दोन गोष्टी बदलल्या: कळफलक नसला तरी थांबू नये, आणि वीज परतताच आपोआप सुरू व्हावे. आपल्या नगर जिल्ह्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने ही दुसरी सोय अत्यावश्यक होय.

खर्चाचाही हिशेब सांगतो. ४० वॅट वीज घेणारे यंत्र अहोरात्र चालल्यास महिन्यास सुमारे २९ युनिट लागतात. म्हणून रात्री गरज नसेल, तर ते बंद ठेवावे.

हे यंत्र आम्ही इंटरनेटवरून कोणासही उघडे ठेवलेले नाही. ते केवळ कार्यालयाच्या जाळ्यातून वापरता येते. दर आठवड्यास कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादा कागद उघडून पाहतो, कारण न तपासलेली प्रत म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका.

आता विनंती. आज या यंत्राची किल्ली आमच्या पुतण्यापाशी व आमच्यापाशीच आहे. तो उद्या नोकरीनिमित्त परगावी जाईल. आमचे वय आपण जाणताच. यंत्र शिररहित चालेल, परंतु त्याची जबाबदारी घेणारे डोके हवेच. दोन तरुण वा तरुणींनी पुढे यावे. मुंबईच्या आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत, तेव्हा इंग्रजीचे भय नको. शिकविण्यास आम्ही आहोतच. ती खोड अद्याप गेलेली नाही.