कोल्हापूर प्रकरण आणि 'केसरी'चे वाचक

करवीरचे, म्हणजेच कोल्हापूरचे, तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी व्यथित होऊन, जानेवारी 1881 मध्ये जन्मास आलेल्या 'केसरी' व 'मराठा' या वृत्तपत्रांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कठोर लेख लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली, आणि ज्या पत्रांच्या आधारावर ही लेखणी चालली होती तीच बनावट निघाल्यामुळे, दिलगिरी प्रकट करूनही, या वृत्तपत्रांचे संपादक टिळक व आगरकर यांना जुलै 1882 मध्ये चार महिन्यांची कैद झाली.

या प्रसंगी वाचकवर्गाने जे केले ते मला अत्यंत मोलाचे वाटते. पुरावा खोटा असला तरी हेतू खोटा नव्हता, असा विवेक करून लोकांनी खटल्याच्या खर्चासाठी निधी उभारला. तत्पूर्वी जामिनाचा प्रश्न आला, तेव्हा अनेक बाबतींत या संपादकांशी तीव्र मतभेद असलेल्या जोतीराव फुल्यांच्या खटपटीने रामशेठ उरवणे यांनी 10,000 रुपयांची हमी दिली. विरोधी मताच्या पत्रकारासाठीही उभे राहण्याचे हे औदार्य खरोखर दुर्मीळ होय. 26 ऑक्टोबर रोजी सुटका झाली तेव्हा डोंगरीच्या तुरुंगाबाहेर त्यांच्या स्वागतासाठी लोकांची गर्दी लोटली होती, आणि त्या कारावासाची हकीकत आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे 101 दिवस' या पुस्तकात लिहून ठेवली. ज्यांच्यासाठी हे सारे घडले, ते महाराज मात्र डिसेंबर 1883 मध्ये अहमदनगर येथे नजरकैदेतच निवर्तले.