वारीच्या वाटेवरचे सुट्टे पैसे

(ज्येष्ठ महिन्याच्या प्रभागसंघाच्या सभेत, वारीला निघणाऱ्या सख्यांसाठी आमच्या एका गटाच्या कोषाध्यक्ष ताईंनी केलेलं भाषण. त्या जशा बोलल्या तसंच, थोडं सावरून छापत आहोत.)



मला अध्यक्षताई म्हणाल्या, तुम्ही तीन वाऱ्या केल्यात, चार शब्द सांगा. मी म्हटलं, अभंगाचं आणि भक्तीचं सांगायला आपले महाराज आहेत. मी कोषाध्यक्ष. मी पैशाचं सांगते. आणि त्यातही सुट्ट्या पैशाचं. हसू नका. माझी पहिली वारी सुट्ट्या पैशापायीच रडत झाली, म्हणून बोलते.

आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर आम्ही पाच जणी निघालो होतो. मी, माझी धाकटी जाऊ, शेजारच्या आत्या, वरच्या आळीच्या काकू आणि आमच्या गटातली सगळ्यात लहान सखी. तिचा नवरा वारलेला, तिनं गटातून दीड हजार अंतर्गत कर्ज काढून आणले होते. दिंडीची भिशी आधीच भरलेली होती. दिंडीत भिशी म्हणजे जेवणाचे आणि ट्रकचे पैसे बरं का, आपली दर महिन्याची चिठ्ठी काढायची भिशी नव्हे. नव्या जणींचा इथं घोटाळा होतो. तर जेवणाची चिंता नव्हती. वरखर्चाचे पैसे सगळ्या म्हणाल्या, तुझ्याकडेच ठेव, तू गटाची कोषाध्यक्ष आहेस, तुला सवय आहे. मलाही जरा बरं वाटलं, खरं सांगते. सगळ्यांच्या नोटा एका बटव्यात घातल्या आणि बटवा खांद्याच्या पिशवीत टाकला.

पुण्याहून सासवडचा टप्पा मोठा असतो. दिवे घाटात ही गर्दी, टाळ-मृदंग, वरून पाऊस. कुणी ढकललं, कुणी ओढलं, काही कळत नाही. सासवडला पोचून चहाचे पैसे द्यायला पिशवीत हात घातला तर हात पिशवीतून खाली बाहेर आला. खालून ब्लेड मारलं होतं.

पुढं पंधरा दिवस काढायचे होते. दिंडीच्या चालकांनी पाचशे उसने दिले, ते पाच जणींत पुरवायचे. जेवण मिळतं, माऊलीच्या वाटेवर कुणी उपाशी राहत नाही. पण बाईमाणसाचे बाकीचे खर्च असतात की नाही? सरकारी शौचालयं फुकट असतात, पण पहाटे तिथं रांग बघा. म्हणून बायका जवळच्या घरी दहा-वीस रुपये देऊन न्हाणीघर मागतात. मोबाईल चार्जिंगला पैसे. तुटलेल्या चपलेला पैसे. काकूंनी तोंडानं मागितलं नाही. त्यांनी पाणीच प्यायचं कमी केलं, म्हणजे सारखं जायला नको. नीरा ओलांडून लोणंदच्या वाटेला लागलो आणि त्या चक्कर येऊन बसल्या. तपासणीच्या तंबूतल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आजी, पाणी पीत नाही का? काकू माझ्याकडं बघत होत्या आणि मी खाली बघत होते. दहा रुपयांसाठी, बायांनो.

घरी आल्यावर मी दोन बोकड विकले आणि पैसे फेडायला घेतले. आधी त्या लहान सखीचे दीड हजार आणि व्याज गटात भरलं. आत्यांनी घेतलेच नाहीत, म्हणाल्या माऊलीच्या पायाशी पडले समज. काकूंकडं गेले आणि आठशे पुढं केले. त्या म्हणाल्या, मी हजार दिले होते. मला आठशे आठवत होते, त्यांना हजार. कुठं लिहिलेलं? कुठंच नाही. दर आठवड्याला दहा जणींची बचत वहीत लिहून सह्या-अंगठे घेणारी मी, आणि चार जणींच्या पैशाचा एक कागद माझ्याकडं नव्हता. मी हजार दिले. चोरीचं दुःख गेलं, पण तो आठशे-हजाराचा सल अजून आहे. काकू बोलतात माझ्याशी, पण सांभाळून बोलतात.

तर दुसऱ्या वर्षीपासून मी काय करते ते सांगते.

पहिलं, कुणाचेही पैसे मी घेत नाही. मैत्री आहे म्हणूनच घेत नाही. ज्याचे त्याच्यापाशी. आणि आपलेही एका जागी नाहीत. परतीच्या एसटीचे पैसे पोलक्याच्या आतल्या बाजूला शिवून टाकते, ते पंढरपूरपर्यंत काढायचेच नाहीत. मोठ्या नोटा कनवटीला. नऊवारी नेसणाऱ्यांचं बरं असतं, गोल साडीवाल्यांनी परकराला आतून खिसा लावून घ्या. आणि दिवसाचे सुट्टे तेवढे वरच्या बटव्यात. बटवा गेला तर एका दिवसाचे जातील. ट्रकमधल्या बोचक्यात पैसे ठेवू नका, ट्रक वेगळ्या रस्त्यानं जातो आणि रात्रीच भेटतो.

नोटा दुधाच्या पिशवीत. पिशवी धुऊन, वाळवून, नोट घालून दोन घड्या. वारी म्हणजे पाऊस आहेच. नोटा भिजून चिकटल्या तर ओढून सोडवू नका, सावलीत वाळू द्या, आपोआप सुटतात. फाटलीच तर तुकडे टाकू नका. कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मागता येते, तिथं आपलं खातं असायलाच हवं असं नाही.

आता सुट्टे किती? माझा हिशोब सांगते, तुमचा तुम्ही करा. दोन वेळचा चहा, एक अंघोळ, चार्जिंग आणि वर दहा-पाच, असे दिवसाला साठ रुपये. वीस दिवस धरले तर बाराशे. हे बाराशे मला सुट्टेच लागतात. पाचशेच्या दोन आणि शंभराच्या दोन नोटा म्हणजे बाराशेच झाले, पण वाटेवर त्या निम्म्याच कामाच्या. पहाटे चार वाजता चहावालीच्या भवानीला पाचशेची नोट काढली तर ती काय करील? एकतर फुकट चहा देईल, नाहीतर तोंड फिरवील. दोन्ही वाईट. त्या चहावाल्यांत आपल्याच गटांच्या बायका असतात, हे विसरू नका.

सगळी नाणी मात्र नेऊ नका. दहाची तीस नाणी म्हणजे जवळजवळ पाव किलो वजन. दिवे घाटात पाव किलो म्हणजे काय ते गुडघ्यांना विचारा. मी दहा-वीसच्या नोटा जास्त घेते, नाणी शंभर-दीडशेची. दहाचं नाणं काही दुकानदार घेत नाहीत, खोटं म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं 2018 साली जाहीर केलंय की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात. नाणं खरं आहे, दुकानदार चुकतोय. पण चालून पाय सुजलेले असताना भांडायची ताकद नसते, म्हणून दोन दहाच्या नोटा वेगळ्या ठेवते आणि पुढं निघते.

हे सुट्टे आणायचे कुठून? बँकेत विचारा, मिळाले तर उत्तमच. पण खरी जागा आपल्या डोळ्यांसमोर आहे. आपल्या गटाची साप्ताहिक बचत! शंभर-पन्नासची बचत कशात येते? दहा, वीस, पन्नासच्या नोटांत. आपण ती तशीच बांधून बँकेत नेतो, आणि मोजताना तिथले साहेब तोंड वाकडं करतात. ज्येष्ठ महिन्यातली बचत वारीला जाणाऱ्या सखीनं पाचशेच्या नोटा देऊन मोडून घ्यावी. गटाचं काम सोपं, तिचंही सोपं. फक्त वहीत आकडा तोच राहिला पाहिजे, आणि अदलाबदल सभेत सगळ्यांसमोर व्हावी. बाजूला घेऊन नको.

वाटेत सुट्टे संपले तर मोठी नोट मेडिकलमध्ये किंवा किराणा दुकानात मोडा, काहीतरी घ्यायचं असेल तेव्हा, आणि दुपारनंतर, जेव्हा गल्ल्यात पैसे जमलेले असतात. सासवड, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस इथं मोठा बाजार आहे. मोड मोजल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या म्हणाले तर म्हणा, नको दादा, उद्या चॉकलेट देऊन चहा मिळणार नाही. एका ठिकाणी एक माणूस शंभराच्या नोटेला नव्वदची चिल्लर देत बसला होता आणि बायका रांगेत उभ्या होत्या. शेकडा दहा! आपण गटात महिन्याला दोन टक्क्यांवरून तास तास भांडतो.

पोरं म्हणतात, आई, फोनवर दे की. देते, जिथं चालतं तिथं. मुक्कामाच्या गावी एवढी माणसं जमली की रेंज जाते, आणि दुपारी बारा वाजता बॅटरी संपते. फोनवर भरवसा ठेवून हातात पैसे न ठेवणं म्हणजे छत्री घरी ठेवून ढगाकडं बघणं. आणि पिनचा कागद फोनच्या कव्हरमध्ये घालू नका. परवा आमच्याच एका सखीच्या कव्हरमधून मी स्वतः काढला. कुणी म्हणालं, तुमच्या खात्यात मदत टाकतो, पिन दाबा, तर सरळ उठून निघा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. अगदीच अडलात तर आधारवर अंगठा लावून खात्यातले पैसे काढता येतात, आपल्या बँक सखी करतात तसंच, वाटेवरच्या गावांतही असतात. पण भांडी घासून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या असतात आपल्या, म्हणून निघायच्या आधी गावातच एकदा लावून बघा.

सामायिक खर्च असतोच, पाच जणींचे पाच चहा वेगवेगळे कोण देणार? त्यासाठी आम्ही प्रत्येकी शंभर काढतो, पाचशेचा एक छोटा बटवा. तो रोज एकीकडं, फिरता. रात्री पथारीवर बसून ज्या त्या दिवशीचीनं हिशोब सांगायचा. लिहिता येत नाही म्हणून कुणी सुटत नाही. आत्या चहाला एक रेघ आणि अंघोळीला एक टिंब काढतात, आणि त्यांचा हिशोब कधी चुकलेला नाही. माझाच एकदा दहा रुपयांनी चुकला.

दानाचं एवढंच सांगते की ते घरूनच वेगळं बांधा. वासुदेव येतो, आंधळे-पांगळे बसलेले असतात, हात पुढं होतोच. वेगळी गाठ असली की मनाला लागत नाही आणि चहाच्या पैशाला हात जात नाही. ती गाठ संपली की हात जोडायचे.

परतीला एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्या आजींना फुकट. आधार कार्ड जवळ ठेवा. पण एकादशीनंतरच्या गर्दीत कंडक्टर सुट्टे मागतोच मागतो, म्हणून शिवलेल्या पैशात एक शंभर दहा-वीसच्या नोटांतच शिवा.

काकू यंदा येणार आहेत. सोमवारी बचतीच्या वेळी त्यांनी आपले हजार मोडून नेले, मी त्यांच्यासमोर वहीत लिहिलं आणि त्यांचा अंगठा घेतला. ती वही मागं फिरवते, कशी आखली आहे ते बघून घ्या. आणि येत्या सोमवारी ज्यांना सुट्टे हवेत त्यांनी आत्ताच हात वर करा, पाचशेच्या वर एकीला मिळणार नाहीत, कारण निघणाऱ्या पुष्कळ आहेत आणि बचत आपली तेवढीच आहे.