पूड दळताना मीटरकडेही बघू या

आपला गोंदिया म्हणजे तलावांचा आणि धानाचा जिल्हा. मामा तलावांतले शिंगाडे आपल्या ढिवर भगिनी सोलून, सुकवून विकतात. त्याचंच उपवासाचं पीठ केलं तर चार पैसे जास्त मिळतील, म्हणून बचत गटांत चक्कीची बोलणी निघतात. यंत्रासाठी कर्ज किती काढायचं, हे ठरवण्याआधी आपली वीज कुठे जाते ते समजून घेऊ.

पहिली वीज जाते पाण्यावर. ओल्या गरात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असतं. दहा किलो गर चांगला वाळला की पावणेतीन किलोच्या आसपास उरतो. उडालेलं सात लिटर पाणी विजेवर उडवायचं तर निदान पाच युनिट लागतील. हे काम उन्हाला करू द्या. पातळ काप करा, जमिनीपासून उंच जाळीवर पसरा, वर स्वच्छ झिरझिरीत कापड घाला. काप कटकन मोडला तर वाळला समजा. वाकला तर आणखी ऊन द्या, कारण ओलसर माल चक्कीत चिकटतो आणि पीठही लवकर खराब होतं.

दुसरी वीज जाते बारीकपणावर. एक सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्याचे एकेक मिलिमीटरचे हजार तुकडे केले, तर उघडी पडलेली बाजू दहापट होते. प्रत्येक नवी बाजू उघडायला जोर लागतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेवढे कण केले, तर त्याच एका तुकड्याची बाजू दीड एकर भरेल! म्हणून नॅनो कण करणारे बहुतेकदा दळत बसत नाहीत, द्रावणातून कण जुळवून आणतात. आपल्या धानाच्या तुसातही असाच बारीक सिलिका असतो. धानाचं रोप तो मातीतून शोषून तुसात साठवतं. वाळू भट्टीत वितळवण्यापेक्षा तुसाच्या राखेतून तो कमी उष्णतेत काढता येतो. पण ते काम कारखान्याचं आहे. त्यात कॉस्टिक सोडा लागतो, राखेची धूळही छातीला वाईट. घरी करू नका.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच: गिऱ्हाइकाला लागेल तेवढंच बारीक करा. थालीपिठाला वस्त्रगाळ पीठ लागत नाही. आधी भरडा, मग दळा, मग चाळा, आणि चाळणीत राहिलेलं तेवढंच पुन्हा दळा. सगळा माल दोनदा फिरवू नका. दळताना नाकातोंडाला कापड बांधा.

पुढच्या दळणाला दोन आकडे वहीत लिहा: दळण्याआधीचं मीटर आणि नंतरचं. किलोमागे किती वीज लागली ते बैठकीत मांडा. कर्जाचा ठराव त्यानंतरच करू.