आईचे दुखणे आणि बाळाचे डोळे



बाळ आठदहा दिवसांचे होते आणि त्याचे डोळे चिकटू लागतात. पापण्या सुजतात, पू येतो. घरातली वडील मंडळी म्हणतात, ‘डोळे आले असतील, आईच्या दुधाचा थेंब घाला.’ ह्या उपायामागची माया खरी. पण दुखण्याचे मूळ पुष्कळदा बाळाच्या डोळ्यांत नसते.

१८८० साली लाइपझिगच्या क्रेडे ह्या प्रसूतितज्ज्ञाने नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्यास आरंभ केला. परम्याच्या जंतूंमुळे येणारे अंधत्व त्यामुळे फार कमी झाले. तथापि त्या थेंबाला न जुमानणारा एक जंतू उरलाच. १९०७ साली जावा बेटावर खुपऱ्यांचा अभ्यास करताना हाल्बरस्टेटर व प्रोवाझेक ह्यांना पेशींच्या केंद्रकावर उपरण्यासारखे पांघरलेले कण दिसले. त्या उपरण्याच्या ग्रीक नावावरूनच ‘क्लॅमिडिया’ हा शब्द आला.

ह्या जंतूचे काही प्रकार स्त्रीपुरुषसंबंधातून पसरतात. बहुतेक स्त्रियांना लागण झाल्याचे कळतही नाही. प्रसूतीच्या वेळी ती बाळाला लागते. डोळे बहुधा पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास येतात. काही बाळांना पहिल्या तीन महिन्यांत न्यूमोनिया होतो. श्वास जलद चालतो, तुटक खोकल्याची उबळ येते. पण ताप नसतो, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. तसे राहू नये.

मग करावे काय? जंतू बाळाच्या नाकाघशातही असतो. म्हणून नुसते डोळ्यांतले थेंब पुरत नाहीत, डॉक्टरांकडून पोटात घेण्याचे औषध द्यावे लागते. आईला आणि वडिलांनाही औषध हवे. एकाला वगळले तर लागण घरात परत येते. त्याहून बरे म्हणजे गरोदरपणीच तपासणी करणे. निदान झाले तर अझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने बहुधा काम होते; सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करून घ्यावी. आपल्याकडे गरोदरपणी एचआयव्ही व उपदंश ह्यांची तपासणी होते, क्लॅमिडियाची सर्रास होत नाही. म्हणून डॉक्टरांना आपण होऊन विचारावे.

शेवटी एकच सांगतो. ही लागण महिनोन्महिने मुकाट राहू शकते. ती कोणाकडून आली हे तपासणी सांगत नाही. तेव्हा निदान कळताच सुनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. ज्या घरात तिला बोलण्याची भीती वाटते, त्या घरात औषध उशिरा पोहोचते आणि त्याची किंमत तान्हे बाळ देते.