पुराचा आकडा कोण ठरवतो?

(नाल्यावरच्या बांधासाठी बोलावलेल्या सभेतलं भाषण)



आपल्या नाल्यावर मातीचा बांध होणार. मोजणीवाले आले, चुन्याच्या रेषा मारून गेले. आपण त्यांना एकच विचारायचं आहे : मोठा पूर किती येईल, हा आकडा आणला कुठून? आपल्या नाल्यावर पाणी मोजायची पट्टी कधी कोणी लावलेली नाही.

जिथे मोजमाप नाही तिथे सूत्र वापरतात. डिकन्स नावाच्या इंग्रजाचं सूत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. त्यात दोनच गोष्टी लागतात. एक पाणलोट, म्हणजे किती डोंगराचं पाणी नाल्याला उतरतं. दुसरा गुणक. समजा पाणलोट १६ चौरस किलोमीटर आहे. सूत्राच्या हिशेबाने १६ चे ८ होतात. त्या ८ ला गुणकाने गुणायचं. मध्य भारतासाठी पुस्तकात गुणक दिलाय १४ ते २८. १४ धरला तर सेकंदाला ११२ घनमीटर पाणी, २८ धरला तर २२४. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. नाला तोच, डोंगर तोच. साहेबांनी गुणक बदलला की पूर दुप्पट!

आपल्यातले काही म्हणतात, आकडा लहान निघू दे, जमीन कमी बुडेल. हे खरं नाही. आकडा लहान धरला की सांडवा लहान बांधतात. पूर त्यात मावला नाही की पाणी चुन्याच्या रेषेच्या वर चढतं. तिथली शेतं बुडीताच्या यादीत नसतात, म्हणजे पीकही गेलं आणि भरपाईही नाही. पाणी मातीच्या भिंतीवरून गेलं तर भिंतच कापली जाते, मग खालच्या पाड्यांचं काय? गुजरातेत मोरबीच्या वर मच्छू धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असंच फुटलं. सांडव्यासाठी धरला होता त्याहून कितीतरी मोठा पूर आला. हजारावर माणसं गेली.

म्हणून आपण तीन कामं करू.

पहिलं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन नाल्याने फिरायचं. सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी कुठल्या खडकाला, कुठल्या झाडाला लागलं, ते विचारायचं. तिथे रंगाने खूण करायची, वर्ष लिहायचं.

दुसरं, खुणेपासून समोरच्या काठापर्यंत दोरी ताणायची. रुंदी मोजायची आणि दर दोन पावलांवर दोरीपासून तळापर्यंत खोली मोजायची. अशा वर-खाली तीन जागा घ्यायच्या. खुणांमधला उतार आणि नाल्याचा छेद मिळाला की त्या पुराचं पाणी किती होतं, याचा अंदाज इंजिनिअरला काढता येतो.

तिसरं, येत्या पावसाळ्यात काठावर ५० मीटरवर दोन खुंट्या ठोकायच्या. पूर आला की वाहतं लाकूड एका खुंटीपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत गेलं, ते वहीत लिहायचं. पाण्यात कोणी उतरायचं नाही.

खूण मात्र खरीच सांगायची. जमीन वाचावी म्हणून खाली दाखवायची नाही, भरपाईसाठी वर न्यायची नाही. एक खूण खोटी निघाली तर आपली सगळी वही खोटी ठरवतील.

ही वही गावसभेत वाचून, सह्या-अंगठे घेऊन साहेबांपुढे ठेवू. सांगू : तुमचं सूत्र दाखवा, आमच्या खुणा बघा, मग रेषा मारा. तोवर बांधाला आपली संमती नाही.

जिंदाबाद!