चपळ पाखरू आणि कॅमेरा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. कारखान्यामागोमाग नाना प्रांतांतली माणसे तेथे येऊन वसली; त्यांत मराठी कुटुंबेही होती. रिसाली हा त्याच परिसराचा भाग. अशा वसाहतीत अंगणातल्या जास्वंदीवर सकाळी जांभळा सूर्यपक्षी येतो. त्याची लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर. हौशी छायाचित्रकाराने कॅमेरा डोळ्याला लावावा, तोच पाखरू दिसेनासे होते आणि चित्रात उमटते ती नुसती हलती फांदी!

असे का व्हावे? थोडा हिशेब करून पाहावा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणारे पाखरू एका सेकंदात दहा मीटर जाते. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागातही ते एक सेंटिमीटर सरकते. दहा सेंटिमीटरच्या देहाला एवढे सरकणे चित्र पुसट करण्यास पुरेसे आहे. पंखांची गती तर याहून अधिक. म्हणून फांदीवर स्वस्थ बसलेल्या पाखरासाठी शटरचा १/५०० सेकंद वेग चालला, तरी उडत्या पाखरासाठी १/२००० किंवा त्याहून जलद वेग लागतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मारे याने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून सेकंदाला १२ चित्रे टिपली, तीही पक्ष्यांचे उड्डाण समजून घेण्यासाठीच.

पण शटर जितके जलद, तितका प्रकाश कमी. प्रकाशाचे हे अंदाजपत्रक तीन खात्यांवर चालते : शटरचा वेग, भिंगाचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर, आणि प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ. भर उन्हात आयएसओ ४०० आणि अ‍ॅपर्चर एफ १६ असता शटर सुमारे १/४०० ठेवावे, हा जुना आडाखा आहे. तेच छिद्र एफ ५.६ पर्यंत मोठे केले की प्रकाश आठपट मिळतो आणि वेग १/३२०० पर्यंत नेता येतो. मात्र झाडाच्या सावलीत प्रकाश सोळाव्या हिश्शावर आला, तर तोच वेग १/२०० वर घसरतो. तेथे १/१६०० हवा असेल, तर आयएसओ ३२०० करावा लागतो. त्याने चित्र काहीसे रवाळ होते. परंतु रवाळ चित्रात पाखरू ओळखता तरी येते, पुसट चित्रात तेही साधत नाही. दोहोंतून एक निवडायचे झाल्यास रवाळपणाच पत्करावा.

आणखी एक फसगत संभवते. पाठीमागे उजळ आकाश असले की कॅमेऱ्याचे मोजमाप त्या उजेडाला भुलते, आणि सूर्यपक्ष्याच्या नराचा झळाळता जांभळा रंग नुसता काळा डाग होऊन बसतो. अशा वेळी मोजमापापेक्षा एक पायरी अधिक प्रकाश घ्यावा.

एवढे करूनही यंत्राला सवयीचे ज्ञान नसते. ते माणसाने मिळवायचे असते. वेडा राघू तारेवरून झेपावतो, उडता कीटक पकडतो आणि बहुधा त्याच जागी परततो. मग पाखराचा पाठलाग कशाला? त्या जागेवर आधीच नेम धरून थांबावे. दहा मिनिटे नुसते पाहण्यात गेली, तर ती वाया गेली असे मानू नये.

मात्र हे थांबणे घरट्यापाशी नसावे. वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ करून पिले वाढवतो. माणूस समोर ठाण मांडून बसला, तर चोचीत कीटक धरून आलेले पाखरू बिळात शिरायला कचरते आणि आत पिले उपाशी राहतात. चित्र स्पष्ट यावे म्हणून घरट्यावरची फांदी छाटली, तर ऊन आणि कावळा या दोघांनाही वाट मोकळी होते. पाखरू वारंवार ओरडू लागले, घास चोचीत धरून घुटमळू लागले, की त्या दिवशीचे चित्र सोडून द्यावे आणि मागे सरावे. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ यांचे आकडे उद्या पुन्हा जुळवता येतील. मोडलेले घरटे तसे जुळवता येत नाही.