कळ आली की थांबा
(योगदिनी, २१ जूनला, सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी याच गच्चीवर शेजारच्या तरुणाचं पाहून मी ईर्षेनं गुडघ्याला कपाळ टेकवायला गेलो. कमरेत चमक भरली. पंधरा दिवस जिना चढवेना. दोष आसनाचा नव्हता, माझ्या हट्टाचा होता.

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांना १९७९ मध्ये, साठीत, स्कूटरचा अपघात झाला. रोजची आसनंही जमेनात. एवढ्या मोठ्या माणसानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोर, ठोकळे, खुर्ची यांचा आधार त्यांच्या पद्धतीत आहेच. मग आपल्याला लाज कसली?

पतंजलींनी यमांमध्ये पहिली अहिंसा सांगितली. ती आपल्या गुडघ्यांनाही लागू आहे बरं का!

ताण बसला तर चालेल. कळ आली की थांबा. श्वास अडखळला की मागे या. जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आपल्या जळगावच्या उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत उरका.

उद्या सकाळी सहाला भेटू. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी खुशाल खुर्ची आणावी. मीही आणतोय.